तोंडाला फेस

३ जून, सोमवार
लॅब मीटिंग. बुडबुड्याने आलेख दाखवला. बुडबुडा म्हणजे आमचा सीनियर. बोलतो खूप, आत हवा. नाव मी ठेवलंय, फक्त या वहीत.

साबणाचे रेणू पाण्यात आधी सुटेसुटे फिरतात. एका ठरावीक प्रमाणानंतर शेपट्या आत घालून गोळे करतात. त्या प्रमाणाला आम्ही सीएमसी म्हणतो. नुसत्या पाण्यात ते ८.२. पाण्यात ग्लायसिन, म्हणजे साधंसं अमिनो आम्ल, घातलं की गोळे लवकर होतात. त्याचा आकडा ७.६. गोळे लवकर होतील हे मार्चमध्ये कॅन्टीनमध्ये मीच त्याला सांगितलं होतं, माझी चार रीडिंग्ज दाखवून.
मॅडम, म्हणजे आमच्या गाइड, त्याला म्हणाल्या, पेपर लिही, पहिलं नाव तुझं.

शेवटची स्लाइड यायच्या आत उठले. फ्लास्क बघायचे होते. मला राग आलेला नाही. फक्त त्याच्या तोंडाला फेस आणायचा आहे.

४ जून
योजना : त्याचा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करणे. आकडा चुकीचा निघणे. सोमवारी सगळ्यांसमोर सांगणे. मधला मुद्दा माझ्या हातात नाही, पण खात्री आहे.

त्याच्या मेल थेट कचऱ्यात जातील असं सेटिंग केलं. बोलणंही बंद. त्याने विचारलं, घसा बसलाय का? मी मान हलवली. दुपारी टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट. हे डिवचणं आहे. एक खाल्ली.

५ जून, सकाळी ८.१०
लॅबमधले फ्लास्क मामा धुतात. मामा म्हणजे लॅब असिस्टंट, मॅडमसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. धुतात नुसत्या पाण्याने! बुडबुडा तेच वापरतो. चूक तिथेच असणार. मी घरून भांड्यांचा साबण आणला, घासून लख्ख केले, दोनदा विसळले. मोजून दोनदा. मामा म्हणाले, ताई, या कामाला साबण नको हो. मी म्हटलं, मामा, स्वच्छता मला शिकवू नका. ते म्हणाले, बरं बाई, आणि पुसणं झटकून निघून गेले.

६ जून
ग्लायसिन घालून ६.७. त्याचे ७.६. मेला!
कोऱ्या, म्हणजे काहीच न घातलेल्या पाण्याचं रीडिंगही घेतलं, थेट शुद्ध पाण्याच्या डब्यातून. पाणी निर्दोष. मी काही सोडत नाही.

७ जून
ग्लायसिन न घालता ७.३. सगळी पुस्तकं ८.२ म्हणतात. पुस्तकवाले फ्लास्क कसे धुतात कोण जाणे.

आईचा फोन. तिला फार काही सांगितलं नाही, चाळीस मिनिटंच. ती म्हणाली, अगं, सरळ विचार ना त्याला, माझं नाव का नाही म्हणून. आई या क्षेत्रातली नाही.

९ जून, रविवार
आरशासमोर सराव. 'दुर्दैवाने' तीन वेळा येतं. तिसऱ्यांदा चष्मा काढायचा.

१० जून, सोमवार
दुसऱ्या 'दुर्दैवाने'ला मॅडमनी हात वर केला. कोऱ्या पाण्याचं रीडिंग कुठलं? डब्यातलं. फ्लास्कमधलं नाही घेतलंस? नाही.
मामांना कुणी बोलावलं नव्हतं, ते दारात होतेच.
मॅडमनी माझ्या फ्लास्कमध्ये डब्यातलं पाणी ओतलं, बूच लावून हलवला, टेबलावर ठेवला. फेस. बोटभर. सगळे तो बसायची वाट बघत होते. बसला नाही.
बुडबुडा म्हणाला, पहिल्या वर्षी माझंही असंच झालेलं. दारातून मामा म्हणाले, छे हो, यांचं कधी नाही झालं.

नंतर तो जिन्यापर्यंत मागे आला. 'वहीतलं ते पान' एवढं ऐकू आलं. मी दोन-दोन पायऱ्या उतरले. चष्मा काढायचा राहिला.

१२ जून
पेपर आज सकाळी गेला.
दुपारी कचऱ्याचा फोल्डर रिकामा करत होते. त्याच्या चार मेल. पहिली चार तारखेची : शेवटच्या स्लाइडवर तुझीच रीडिंग्ज होती, तू आधीच उठलीस. मॅडमना तोवर माहीत नव्हतं, आता त्यांच्याशी बोललोय. मार्चच्या रीडिंग्जचं लॅबच्या वहीतलं ते पान पाठव, जोडतो. पहिलं नाव तुझं.
दुसरी, तिसरी तेच, जरा घाईत.
चौथी काल संध्याकाळची : पान नसेल तर मॅडम तुझं नाव घालायला तयार नाहीत. आज शेवटचा दिवस. घसा कसा आहे?

१३ जून
पेपरच्या शेवटी माझे आभार आहेत. 'उपयुक्त चर्चेबद्दल.' चर्चा मी दहा दिवस बंद ठेवली होती.

तरी योजना वाया गेली असं म्हणता येणार नाही. सगळ्यांसमोर सांगून झालं. फेसही आला.

मामांनी आज फ्लास्क धुवायला शिकवलं. ते म्हणाले, मनातल्या मनात मोजू नका, नुसतं विसळत राहा. मी मोजलं. अकरा वेळा.
हलवून बघितला. अजून थोडा येतो.