तांबड्यावर अडकलेला काटा

रविवार, दिवेलागणीला

सासूबाई गेल्यापासून गोठ्याशेजारी उभी असलेली जुनी गाडी आज यांनी उघडली. इंजिन थंडगार. तरी चावी फिरवल्याबरोबर तापमानाचा काटा थेट तांबड्यावर. सेन्सरची वायर काढली, काटा खाली पडला. जोडली, पुन्हा तांबड्यावर. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सेन्सर खराब हाय. त्या दिवशी इंजिन तापलंच नव्हतं गं."

त्या दिवशी आम्ही इस्लामपूरहून सासूबाईंना सांगलीच्या दवाखान्यात नेत होतो. आष्ट्याच्या अलीकडे काटा तांबड्यावर गेला, म्हणून इंजिन निवेपर्यंत अर्धा तास थांबलो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. छातीत कळा येत होत्या, तरी म्हणाल्या, "घाई करू नगा, गाडी जळंल." दवाखान्याच्या दारातच गेल्या.

थांबलो नसतो तर? डॉक्टरांना विचारावं का? नको. पण वाफ नव्हती, वास नव्हता. मग एकट्या काट्यावर एवढा विश्वास का ठेवला आम्ही?

तेवढ्यात सासरे बाहेर आले. "घावला का रं बिघाड?"

यांनी वायर मुठीत धरली. "व्हय आबा. इंजिन लय तापलं हुतं. थांबलो नसतो तर गाडी पेटली असती."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "व्हय."

"मग थांबलास ते बरं केलंस," म्हणत ते आत गेले. यांनी बॉनेट लावलं आणि त्यावरच डोकं टेकलं.