सात नंबरला कुणी नाही

४ जून
सात नंबरच्या पलंगावरचे ड्रायव्हरकाका अजून यादीवर आहेत! यकृत मिळायला सहा महिने दारू बंद हवी. त्यांचे पाच झाले. केसपेपरवर नातेवाइकांचा रकाना मात्र रिकामा. "कुणी नाही मला. तुझंच नाव लिही, पोरी!" सगळा वॉर्ड हसला. मला हसू आलं नाही.

५ जून
जेवणाच्या सुट्टीत फोनवर काकांचं नाव शोधलं. मुलगी सापडली! शिवणकामाचं दुकान आहे, खाली नंबरही. केवढा आनंद झाला — मग तिच्याच पानावर फोटो दिसला. काका, हातात ग्लास. तारीख दाखल होण्याच्या आठवडाभर आधीची, म्हणजे दारू सोडल्याचं सांगतात त्यानंतरची!

६ जून
वॉर्डच्या मोठ्या सरांना फोटोचं सांगितलं. गप्प बसणं म्हणजे खोटेपणाच ना? "केसपेपरवर लिहा," म्हणाले. लिहिलं, खाली सही केली. आमच्या घरातली पहिली डिग्रीवाली, 'डॉ.' लावलेली सही. ही सही कुठेही दिसली की आई तिच्यावरून बोट फिरवते.

९ जून
प्रत्यारोपण समितीने काकांचं नाव यादीतून काढलं. काका विचारत होते, "माझं काय चुकलं?" सर पुढच्या पलंगाकडे वळले. मी सलाईन तपासत राहिले. ते नीटच चालू होतं.

१० जून
राहवेना. मुलीला फोन केला.
"तो फोटो? चार वर्षांपूर्वीचा हो! भांडण झाल्यापासून बोलत नाही आम्ही. आठवण आली, म्हणून मध्यंतरी टाकला." मग एकदम — "थांबा. तुम्ही डॉक्टर म्हणालात ना? बाबांना काय झालंय?"
हा प्रश्न येईल, हे डोक्यातच आलं नव्हतं! सगळं सांगून बसले.

११ जून
सरांपुढे रडले. "लिहिलेलं खोडता येत नाही. समितीची पुढची बैठक महिन्याने." सिस्टर म्हणाल्या, "नको तिथं नाक खुपसलंस, बाई. आता शिंकही तुझीच!" काकांचे डोळे हळदीसारखे झालेत. महिना काढतील?

१३ जून
मुलगी आली. दोन लहान लेकरं बाहेरच्या बाकावर बसवून रक्त तपासून घेतलं. गट जुळतो. म्हणते, माझ्या यकृताचा तुकडा घ्या, आजच घ्या.
काकांनी दारातून त्या लेकरांकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी जवळ गेले, तेव्हा एवढंच म्हणाले, "म्हणून तर सांगितलं होतं, पोरी, कुणी नाही."