पाव किलोची पाहुणी

ता. ९ डिसेंबर १९८१, बुधवार

शैला, शनिवारी पुण्याच्या गाडीत बसताना तू म्हणालीस, आबा, रोज लिहा, मी आले की वाचीन. आज चौथा दिवस आणि मी आत्ता वही उघडतोय. माफ कर. आधी हात मोकळा नव्हता, मग चष्मा सापडेना. खरं सांगू का, पहिल्याच पानावर 'गेली' असं लिहावं लागेल याची धास्ती होती. म्हणून थांबलो.

गेली नाही. आहे. पेटीत झोपलीय, पोट वरखाली होतंय. दर पाच मिनिटांनी बघून येतो.

लष्करी कॅम्पातल्या बाईंनी तुझ्या बालवाडीत येऊन तिला तुझ्या ओंजळीत ठेवलं, तेव्हा 'हिला आई जवळ घेत नाही, जगायची नाही' असं म्हणाल्या, एवढं तू सांगितलंस. पुढचं काही सांगितलं नाहीस. ट्रेनिंगची ऑर्डर हातात आणि पिल्लू पदरात. पॉमेरियन जातीचं कुत्रं म्हणे. मला तर उंदरावर कापूस चिकटल्यासारखी दिसते.

ता. १० डिसेंबर

पाण्याच्या टाकीवर एकतीस वर्षं पंप सांभाळला. दर दोन तासांनी दाब बघायचा, आकडा लिहायचा, सही करायची. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं. इथेही तसंच सुरू केलं. दू. म्हणजे दूध, ल. म्हणजे लघवी, बा. म्हणजे गरम पाण्याची बाटली बदलली.

६ वा. दू. आठ थेंब. ल. झाली. बा.
८ वा. दू. पाच थेंब. ल. नाही.
१० वा. दू. अकरा. ल. झाली. बा.

ल. आपोआप होत नाही. कापूस कोमट पाण्यात भिजवून खालून पुसावं लागतं, आई चाटते तसं. कॅम्पातल्या बाईंनी तुला सांगितलं, तू मला सांगितलंस, मला लाज वाटली. आता वाटत नाही.

तुझी आई दारातून बघत होती. म्हणाली, "स्वतःच्या चार लेकरांचं एक लंगोट धुतलं नाही यांनी."

मी म्हटलं, "तेव्हा माझी पाळी असायची."

"चारही वेळेस?"

मी कापूस भिजवायला घेतला.

ता. १२ डिसेंबर, शनि.

थंडी फार पडलीय. पेटी चुलीच्या बाजूच्या भिंतीला लावली. पेटी द्राक्षाची, गेल्या हंगामातली, खाली कागदाच्या पट्ट्या, वर माझी जुनी बंडी. बाटली पायमोज्यात घालून ठेवतो, म्हणजे चटका बसत नाही. ती मोज्याला लुचते. बघवत नाही.

गाईचं दूध सोसत नव्हतं, पातळ होत होतं. शेजारच्या हमीदाबींनी शेळीचं दिलं. म्हणाल्या, "आबा, आधं पाणी घाला, बच्ची अजून मोजक्या दिवसांची आहे." शाईच्या पेनात शाई भरायचा ड्रॉपर चार वेळा उकळून घेतला, त्याने पाजतो.

भाजीवालीच्या तराजूत ठेवली. एका पारड्यात पाव किलोचं वजन, दुसऱ्यात ही. ही वर. मग पाव किलोचं काढून बारकी वजनं लावली. दोनशे तीस ग्रॅम. भाजीवाली म्हणाली, "आबा, पावशेर वांगी पण हिच्यापेक्षा भारी भरतात." आणि तराजू धुवायला माझ्याकडूनच पाणी मागून घेतलं.

ता. १४ डिसेंबर, सोम.

सकाळपासून रडते. आवाज तो केवढा, पण थांबत नाही. पोट फुगल्यासारखं. तुझी आई म्हणाली, घुटी देऊ. आपल्या घरात सगळी लेकरं घुटीवरच वाढली. तिने सहाण काढली, मी उगाळली. बदामाचे दोन वेढे, वेखंडाचा अर्धा, हळकुंड नुसतं टेकवलं, जायफळाचा एक. थेंबभर चाटवली.

पंधरा मिनिटांत शांत. लेकरासारखी झोपली. मला बरं वाटलं. तुझ्या आईला म्हटलं, कुत्र्याचं काय नि माणसाचं काय, बाळ ते बाळ.

१० वा. झोपली. उठवली नाही.
१२ वा. झोपली.

ता. १५ डिसेंबर

आज लिहीत नाही.

ता. १७ डिसेंबर, गुरु.

लिहितो. दोन दिवस नोंद केली नाही. टाकीवर एकदा दाब बघायचा राहिला होता, तेव्हासुद्धा 'बघितला नाही' असंच लिहिलं होतं. साहेब रागावले, पण खोटा आकडा घातला नाही. तर हेही लिहायला पाहिजे.

जायफळाचा एक वेढा नव्हता. तीन होते. तुझी आई एकच म्हणाली होती. ती पाणी आणायला उठली आणि मी आणखी दोन ओढले, कारण पिल्लाचं रडणं मला ऐकवत नव्हतं. तिला झोप लागावी म्हणून नाही, मला बरं वाटावं म्हणून.

सोमवारी दुपारी दोनला हमीदाबी दूध घेऊन आल्या. पिल्लाला हात लावला आणि म्हणाल्या, "आबा, ही तर गार पडली." मान धरली तर एका बाजूला गेली. जीभ पांढरी. मी ऊठबस करू लागलो, चप्पल मिळेना. तुझ्या आईने पिल्लू उचलून सरळ चोळीत घातलं, अंगाशी, वर शाल, आणि म्हणाली, "रिक्षा बघा, चप्पल राहू द्या." अनवाणी गेलो.

जनावरांच्या दवाखान्यात बैल, म्हशी, एक शेळी. डॉक्टर तरुण आहेत. तुझ्या आईने शालीतून पिल्लू काढलं तर कंपाउंडर हसला. डॉक्टर हसले नाहीत. साखरेचं दाट पाणी बोटाने तिच्या हिरड्यांना चोळत राहिले. चोळता चोळता विचारलं, "काय दिलं होतं?"

मी म्हटलं, "दूध, साहेब. फक्त दूध."

तुझी आई म्हणाली, "घुटी दिली. जायफळ घालून."

डॉक्टरांनी वर बघितलं. "किती?"

ती म्हणाली, "एक वेढा."

तिला एवढंच ठाऊक होतं. आता बोलायचं होतं ते मीच. म्हटलं, "तीन."

ते म्हणाले, "आजोबा, हे माणसाचं बाळ नाही. जायफळ कुत्र्याला चालत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे ती भूक लागूनही उठली नाही. एवढ्याशा जिवाला सहा तास उपास म्हणजे तुम्हाला मला आठवडाभर. झोपली तरी उठवून पाजायचं."

अर्ध्या तासाने तिने जीभ हलवली. बोटावरची साखर चाटली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

रिक्षात तुझी आई पिल्लू शालीत धरून बसली होती. घराच्या वळणावर म्हणाली, "तीन म्हणालात ते बरं केलं."

ता. २० डिसेंबर, रवि.

बशीतून प्यायली. स्वतः. चारही पाय बशीत घालून, पण प्यायली. नाक पांढरं, हनुवटी पांढरी, मिशा पांढऱ्या.

दर दोन तासांनी पाजतो, झोपली तर उठवून. ती कुरकुरते. कुरकुरू दे.

वजन २९० ग्रॅम. भाजीवालीने पाव किलोचं वजन टाकलं, हिचं पारडं खाली गेलं. भाजीवाली म्हणाली, "गेली वांग्यांच्या पुढे." मी तिच्याकडून अर्धा किलो वांगी घेतली. गरज नव्हती.

ता. २४ डिसेंबर

डॉक्टरांकडे दाखवायला नेली. वही बरोबर नेली होती, ल. किती वेळा होते ते त्यांना सांगायला. त्यांनी वहीच हातात घेतली. पानं उलटली. चौदा तारखेचं पान वाचलं, पंधराची एकच ओळ बघितली, सतराचं उभ्यानेच सगळं वाचलं. मी घाबरलो, वाटलं आता परत बोलणी बसणार.

कंपाउंडरला म्हणाले, "हे बघा. अशी नोंद ठेवायची. तुम्हाला वर्षभर सांगतोय."

कंपाउंडर आपल्याच वसाहतीच्या पलीकडचा निघाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "जयभीम, आबा. माझी नोकरी घालवता का काय?" हसत होता.

घरी आल्यावर हे तुझ्या आईला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा हमीदाबींना सांगत होतो तर आतून आवाज, "त्यांना पण तीनदाच सांगा."

ता. ३० डिसेंबर

भुंकली. मोज्यावर भुंकली आणि स्वतःच दचकून मागे बसली. ल. आता आपोआप करते, कुठेही करते.

वसाहतीतली माणसं बघायला येतात. शिंदे मास्तर, जे मला रस्त्यात ओळख देत नाहीत, ते आज दारात चप्पल काढून आत आले. म्हणाले, "एवढीशी जगवली कशी हो?" मी वही दाखवली. त्यांनी सगळी वाचली नाही, पण बराच वेळ हातात धरली. माझं अक्षर वाकडं आहे हे मला ठाऊक आहे. तरी धरली.

नाव तू ठेवणार म्हणून आम्ही ठेवलं नाही. तुझी आई 'ए टवळे' म्हणते. येते ती.

वजन ४२० ग्रॅम.

ता. ३ जानेवारी १९८२, रवि.

सकाळी दारात जीप थांबली. कॅम्पातल्या बाई. बरोबर त्यांची छोटी मुलगी. बाई चांगल्या आहेत, चहा घेतला, खाली चटईवर बसल्या. पिल्लू बघून तोंडावर हात ठेवला. "अरे, ये वही है? मला वाटलं ती केव्हाच गेली असेल."

मी सगळं सांगितलं. जायफळाचंही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "आबा, आपने तो कमाल कर दी." मला फार बरं वाटलं, खोटं का बोलू. छाती फुगली.

मग त्या म्हणाल्या, त्यांची मोठी कुत्री, म्हणजे हिची आई, दिवाळीनंतर आजारी होती, ती आठवड्यापूर्वी वारली. बाकीची तीन पिल्लं आधीच लोकांना दिलेली. मुलगी जेवत नाही. "शैलाबेनकडे सांभाळायला दिली होती, आता मी घेऊन जाते. पुढच्या रविवारी. तोपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, तुमची सवय आहे तिला."

मुलीने तिला मांडीवर घेतलं. टवळी तिच्या फ्रॉकवर मुतली. मुलगी हसली, बाई म्हणाल्या, किती दिवसांनी हसली.

तुझ्या आईने चहाचे कप उचलता उचलता विचारलं, "सांभाळायला दिली होती, की देऊन टाकली होती?"

बाई म्हणाल्या, "शैलाबेनला माहीत आहे."

ता. ५ जाने., मंगळ.

दोन दिवस विचार करतोय. तू मला फक्त 'जगायची नाही' एवढं सांगितलंस. 'ठेवून घ्या' म्हणाल्या होत्या का, की 'बघा जमलं तर'? हे मला माहीत नाही. माहीत नसताना बाईंना नाही कसं म्हणू. त्या चांगल्या आहेत आणि पोरगी खरंच रोडावलीय. आणि देऊन टाकली असली तर मग हो तरी कसं म्हणू.

तुझी आई म्हणते, दाराला कुलूप लावून रविवारी सिन्नरला तुझ्या मावशीकडे जाऊ. म्हटलं, असं करता येत नाही. म्हणाली, "मग तुम्ही द्या. तुमच्या हाताने द्या. मी बघणार नाही." आणि पिल्लाला घेऊन हमीदाबींकडे जाऊन बसली.

वजन ५०५ ग्रॅम. अर्धा किलोच्या वर. आज वजन मीच मोठ्याने वाचलं.

ही वही आज पोस्टाने तुला पाठवतोय, कारण तुझं ट्रेनिंग सोळा तारखेला संपणार आणि बाई दहाला येणार. नवी वही आणलीय. सगळी वाच, चौदा तारखेचं पानही. रागावायचं असेल तर रागव, मी ऐकून घेईन. पण आधी एवढं लिही की त्या दिवशी बाई नेमकं काय म्हणाल्या आणि तू काय म्हणालीस. जे असेल ते. माझ्या बाजूचं करून लिहू नकोस.

शनिवारच्या टपालात मिळालं पाहिजे. कार्डावर दोन ओळी पुरे. शैला, बेटा, लवकर कळव.