फ्रीजचा मधला कप्पा

वडनेर भोलजी,
मंगळवार

प्रिय पुष्पांजली,

परवा फोनवर तू विचारलंस, वहिनी, ते पावडरचं इंजेक्शन कसं तयार करायचं ते एकदा नीट सांग. मी नंतर सांगते म्हणाले. आपल्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, हे तुला माहीत आहे, आणि समोर तुझ्या आई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणून लिहून पाठवते आहे. मूल व्हावं म्हणून तुझा उपचार पुढच्या आठवड्यात सुरू होतोय. आमचा दिवाळीनंतर सुरू झाला आणि मधेच थांबवावा लागला. तुझा थांबू नये, एवढंच मला वाटतं.

तर ऐक. छोट्या काचेच्या कुपीत तळाशी पांढरी, कोरडी वडी असते. आमच्या सेंटरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे पेप्टाइड हार्मोन आहे, गोठवून सुकवलेलं, म्हणून टिकतं. एकदा पाणी घातलं की ते नाजूक होतं. हात साबणाने धुवायचे, कुपीचं रबरी बूच स्पिरिटने पुसायचं आणि ते वाळेपर्यंत थांबायचं. फुंकर घालायची नाही. सोबत जे पाणी येतं तेच वापरायचं. ते वडीवर थेट सोडू नकोस, काचेच्या कडेने हळू उतरू दे. मग कुपी दोन्ही तळव्यांत धरून सावकाश फिरवायची. हलवायची नाही. आमची पहिली कुपी तुझ्या शेखरदादाने तयार केली. कृषी केंद्र चालवणारा माणूस तो, फवारणीचं औषध हलवावं तशी खळाखळा हलवली आणि आत फेसच फेस. वरून मला म्हणतो, "काऊन घाबरून राह्यली वं, चांगलं मिसळलं ना!" सेंटरला फोन केला तर त्यांनी ती टाकून द्यायला सांगितली. त्यानंतर मीच करत होते. पाणी नितळ दिसलं पाहिजे. गढूळ वाटलं, कण दिसले, तर टोचायचं नाही.

आमची कुपी एकदा तयार केली की त्यात पुढच्या कितीतरी दिवसांचे डोस निघायचे. तुझी तशी आहे का ते विचारून घे, काही कुप्या लगेच वापरून उरलेलं फेकायचं असतं. ठेवायची असेल तर वर तारीख लिही आणि फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेव. दारात नको, तिथे सारखी गरम हवा लागते. मागच्या भिंतीला टेकूनही नको.

हे सगळं मी करत होते, पण फ्रीज उघडणं माझ्या हातात नव्हतं. इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात. आपला फ्रीज देव्हाऱ्याच्या शेजारी, आणि त्या दिवसांत आपण पडवीत. तूही लग्नापर्यंत तिथेच बसायचीस. आईंनी कुरकूर केली नाही. वेळ झाली की कुपी कागदावर ठेवून पडवीच्या उंबऱ्यापाशी आणायच्या आणि माझं झालं की तशीच आत न्यायच्या. मी टोचून घेताना तोंड फिरवायच्या. एकदा म्हणाल्या, "मले तं पाहूनच कसंतरी होते बाई, तू कशी टोचतं?" मला काहीच वाटत नव्हतं. पोटाची चामडी चिमटीत धरायची, सुई आत, बाहेर.

तपासणीला अकोल्याला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं. बीजं वाढलीच नव्हती. औषध नीट ठेवलं होतं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मला तेव्हा तसंच वाटत होतं. मग त्या म्हणाल्या, तुमच्या शरीराने औषधाला साथ दिली नाही, हा प्रयत्न इथेच थांबवू. परतताना नांदुरा स्टेशनवर उतरल्यावर शेखर म्हणाला, चहा घेऊ का. घरी आले तर शेजारच्या सुभद्राबाई ओट्यावर वाटच पाहत होत्या. "एवढे इंजिक्शनं तं आमच्या म्हशीले बी नाही देले, अन् ते दोनदा व्याली." आईंनी त्यांना हाकललं, "जाय वं, तुह्या म्हशीचं दूध काढ." मी हसलेही असेन. आठवत नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी पोळ्या लाटत होते, आई तव्याशी होत्या. माझी समजूत काढत होत्या. म्हणाल्या, "आपून काई कमी नाही केलं बाई. त्या दिवशी रातच्याले लाईन गेली ना, तं मी तुही शिशी उचलून वरच्या बर्फाच्या खान्यात ठेवली. म्हटलं, औषध गरम नाही झालं पाह्यजे. लाईन आल्यावरबी तिथंच राहू देली. पार बर्फ झाली होती. पहाटं काढून खाली ठेवली, तू उठाच्या आत पाणी झालं होतं."

पाणी घातलेलं औषध एकदा गोठलं की जातं, पुष्पा. वितळल्यावर पूर्वीसारखंच नितळ दिसतं, डोळ्यांना काही कळत नाही. पुढचे सगळे दिवस मी त्याच कुपीतलं घेत राहिले. नुसतं फ्रीजचं दार बंद ठेवलं असतं तरी रात्र निघाली असती. बीजं त्यामुळेच वाढली नाहीत असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित शरीरानेही साथ दिली नसेल. मी आईंना "हो" म्हणाले आणि पुढची पोळी लाटली. रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. अजूनही नाही.

शेखरला हे माहीत नाही. दोष माझ्या शरीराचा, असं तो धरून चालला आहे आणि त्याबद्दल माझ्याशी फार जपून वागतो. त्याला सांगितलं तर तो एका दिवसात आईंना सांगेल. आणि आई मग स्वतःला सोडणार नाहीत. घरात नातवंड यावं म्हणून त्या बाईने गेली कित्येक वर्षं चतुर्थीला पाणीसुद्धा प्यायलेलं नाही.

आता हे का लिहिलं ते सांगते. शनिवारी आई नाशिकला तुझ्याकडे येताहेत, तुझा उपचार होईपर्यंत राहायला. तुझ्या पाळीच्या दिवसांत तुझा फ्रीजही त्यांच्याच ताब्यात जाईल, तू नको म्हणालीस तरी. तेव्हा एक कुलपाचा छोटा डबा आण, औषध त्यात ठेव आणि किल्ली स्वतःजवळ ठेव. डॉक्टरांचा हुकूम आहे म्हणून सांग, हुकूम म्हटलं की त्या ऐकतात. खरं कारण सांगू नकोस, कधीच नको. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. आज सकाळीच त्या मलकापूरला जाऊन बर्फाचा नवा मोठा डबा घेऊन आल्या आहेत. म्हणाल्या, "पुष्पीचं औषध मी घडीभरही गरम होऊ देनार नाही."

तुझीच,
अश्विनीवहिनी