बोंबील स्वस्त आहेत, पण नाहीत

समुद्रकाठचे धनी, सुक्या मासळीचे राजे, माझे बालमित्र नारू यांस सायवनकडच्या चिमणचा रामराम.

गुडघा कसा आहे? होडी पाण्यात ढकलायची वेळ आली की तो नेमका दुखतो, हे मला ठाऊक आहे (माझीही पाठ लावणीच्याच दिवसांत धरते). शांतीवहिनींना नमस्कार. इकडे आई बरी आहे, नजर मात्र अधू झाली.

पत्रास कारण बाजार. तुला आठवतं, तुझी आई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन आमच्या पाड्याच्या बाजारात यायची आणि चिंचेखाली माझ्या आईसमोर बसायची? ना तराजू, ना माप. माझी आई तिच्या टोपलीत तांदूळ ओतायची, ते तुझी आई 'पुरे' म्हणेपर्यंत. मग तुझी आई बोंबील टाकायची, ते माझी आई 'पुरे' म्हणेपर्यंत. दोघीही जरा लवकरच 'पुरे' म्हणायच्या. आपण दोघं मध्ये बसून सुका जवळा चघळायचो. त्या व्यवहारात सरकारचं काम एकच होतं, रस्ता धड ठेवायचा, आणि तेही ते करत नव्हतं. तरी कोणी रिकाम्या हाताने घरी गेलं नाही. ते दिवस मला फार आठवतात.

आता आमचं सरकार म्हणजे माझा पुतण्या सुनिल. त्याने बाजार शिस्त मंडळ काढलं आणि चिंचेला दरफलक ठोकला. गरिबाला मासळी परवडावी म्हणून बोंबलाचा दर बांधून टाकला (मनाने चांगला आहे, हीच अडचण). पावसाळा आला, होड्या बंद, माल थोडा, भाव चढायचाच. तुझ्या आईची टोपली आता वहिनी चालवतात. त्यांनी फलक वाचला, टोपली उचलली आणि थेट उधव्याचा बाजार गाठला. तेव्हापासून आमच्याकडे बोंबील स्वस्त आहेत, पण नाहीत. लोक येतात, दर वाचून खूश होतात आणि चटणीभात खायला घरी जातात.

मग मापात खोट नको म्हणून सुनिलने तराजूपाशी काकड्या नावाच्या गड्याला बसवलं. तोलायला काही नाही, तेव्हा तो लोकांच्या कोंबड्या तोलतो, आणि कोंबडी हलली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मी सुनिलला म्हटलं, "बाबा, भांडण झालं तर सोडव, रस्त्यातला खड्डा बुजव. भाव तेवढा बायकांवर सोड. तुझ्या जन्माआधीपासून त्याच ठरवतायत." तो म्हणाला, "काका, मुद्दा बरोबर आहे. फलक काढायला उपसमिती नेमू, तुम्ही अध्यक्ष."

फलक अजून चिंचेवरच आहे. मला मात्र खुर्ची मिळाली.

तुझा,
चिमण

ता. क. खुर्ची बरी आहे. परवा तिच्यावर बसून मी एक ठराव लिहिला: किनाऱ्याची मासळी आमचा बाजार ओलांडून उधव्याला नेण्यास सक्त बंदी. वहिनींना सांगू नको.

आणखी एक ता. क. तो ठराव फाडला. खरं सांगायचं ते असं. बाजाराच्या दिवशी आई अजून सुपात तांदूळ घेऊन अंगणात बसते आणि संध्याकाळी तसेच परत कणगीत ओतते. आमच्या अंगणाला फलक नाही. वहिनींना एकदा पाठव. आईला नीट दिसत नाही, ती ओतत राहील. वहिनींना म्हणावं, या वेळी 'पुरे' जरा उशिरा म्हणा.