दरवेशाचं अस्वल

ती. आईस,
लांबूनच पाया पडतो.

मी बरा आहे. दवाखान्याच्या फाटकावरचं काम बसूनच असतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

काल एक म्हातारा पाणी मागायला आला. सोबतचा पहारेकरी म्हणाला, "दरवेशी दिसतोय." मी हसून म्हातार्‍याला विचारलं, "मग अस्वल कुठे ठेवलंत?" तो पाणी न घेताच निघून गेला.

सोबती चिडला. "अरे, अस्वलवाल्याला लोक पुढे दरवेशी म्हणायला लागले. मूळ दरवेश म्हणजे मुसलमान फकीर. फारसीत दर म्हणजे दार. दारोदार हिंडतो तो दरवेश, असं सांगतात."

मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, पण तो कुठेच दिसला नाही.

आई, तुझ्या दारातून कुणी कधी तहानलेलं गेलं नाही. एवढं अप्पांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा