बाबांनी दुरुस्त केलेलं कारंजं

४ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

इकडे सध्या कारंज्यांचं खूळ आलंय. बँकेत कारंजं, चपलांच्या दुकानात कारंजं, केस कापायला गेले तर आरशाखालीही झुळझुळ! मग मीही दवाखान्यात पेशंटच्या बाकाशेजारी एक ठेवलं. आत माझं दात कोरायचं यंत्र घरघरलं तरी बाहेर पाणीच ऐकू येतं. पळून जाणारे कमी झालेत.

आई गेल्यापासून तुमचं घर चिडीचूप झालंय, म्हणून एक लहानसं कारंजं तुम्हालाही पाठवलंय. खरं तर तुम्हीच इकडे राहायला या. वरची खोली रिकामी आहे. तुम्ही एकटे आहात या विचाराने मला घास गोड लागत नाही.

तब्येत सांभाळा, माया असू द्या.
तुमची चिमणी

१५ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

कारंजं पोचलं. अगं, पाण्याची टिपटिप बंद करायला जन्मभर लोकांनी मला बोलावलं, आणि आता तीच टिपटिप विकत घेतात? मला काही चैन पडेना. पाना घेऊन सगळं खोललं. आत बोटाएवढा पंप, तेच पाणी वर जातं, तेच खाली येतं. आपल्या बँकेतलंही बघून आलो. मागे वाकून डोकावलो तर पहारेकऱ्याने हटकलं. त्याला पंप समजावून सांगितला, तेव्हा चहा पाजला बिचाऱ्याने.

तुझं कारंजं मात्र फार वाजत होतं. नळी वळवून दगडाला टेकवली. आता थेंबाचाही आवाज नाही. काम चोख!

राहायला येण्याचं बघू. जावईबापूंना आशीर्वाद.
तुझे बाबा

२३ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

धन्य आहे तुमची! आवाजासाठी घेतलेल्या कारंज्याची वाचाच बंद केलीत!

पण शेजारच्या काकूंचा फोन आला होता. तुमच्या स्वयंपाकघरातला नळ केव्हाचा गळतोय, आणि त्यांनी विचारलं तर तुम्ही चिडलात म्हणे. गावभरचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा? दिव्याखाली अंधार! एक वायसर बदलायलाही तुमचा हात उठत नाही का? मला भीती वाटते, बाबा. खरं काय ते कळवा.

वाट बघतेय.
चिमणी

१ जुलै

चि. चिमणीस आशीर्वाद.

घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. त्या नळावरून तुझी आई रोज माझ्या नावाने शंख करायची. जगाचे नळ बंद करता, माझाच तेवढा राहिला, म्हणायची. मी उद्यावर ढकलायचो. तिला चिडवण्यात मजा होती गं. आता नळ टिपकला की वाटतं, बाईसाहेब सुरू झाल्या. कारंज्यापुढे तो ऐकूच येईना, म्हणून कारंज्याचंच तोंड बंद केलं.

तुझ्याकडचे सगळे नळ नवेकोरे. तिथे मला करमायचं कसं?

रागावू नकोस.
बाबा

८ जुलै

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप रडले. पेशंटला वाटलं, त्याचाच दात बघून रडतेय.

आता ऐका. तो नळ काढा आणि कपड्यांच्या बॅगेत घालून घेऊन या. आमच्या स्वयंपाकघरात तुमच्या हाताने बसवा. वायसर अजिबात बदलायचा नाही.

त्यावरून तुम्हाला रोज बोलायला मी आहेच.

तुमची चिमणी